स्नो बाइकचा नवा ट्रॅक: आधी कच्चा टाका, मग कटर

स्नो बाइकच्या किटला नवा ट्रॅक बसवणं हे एका दिवसाचं काम. ते एका दिवसात आटपतं की तीन शनिवार खातं, हे बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरतं: लग, म्हणजे ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूचे उभे रबरी दात, कापायचं कटर तुम्ही कधी हातात घेता. शिंपी कापड बेतलं की लगेच पक्की शिलाई मारत नाही. कच्चा टाका घालतो, अंगावर चढवून बघतो, खडूने खुणा करतो आणि मग कात्री लावतो. ट्रॅकचंही तसंच आहे. कापलेलं रबर परत जोडता येत नाही, म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

ज्यांनी हे वाहन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गुलमर्गला किंवा सोलंगला भाड्याने मिळणारी स्नो स्कूटर तुम्ही पाहिली असेल, पुढे दोन स्की आणि मागे रुंद रबरी पट्टा. स्नो बाइक तिची सडपातळ बहीण. साधी डर्ट बाइक घ्यायची, बहुधा ४५० सीसीची. पुढचं चाक काढून तिथे एक स्की लावायची. मागचं चाक, स्विंगआर्म आणि शॉक उतरवून त्या जागी ट्रॅकचं किट जोडायचं. ही किट मुख्यतः अमेरिकेच्या आयडाहोत आणि कॅनडात रुजली. टिम्बरस्लेड ही अशी किट बनवणारी आयडाहोतल्या सँडपॉइंटची कंपनी २०१५ मध्ये पोलारिस या स्नो स्कूटर बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने घेतली आणि २०१७ मध्ये ॲस्पेनच्या एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत स्नो बाइकच्या शर्यती पहिल्यांदा झाल्या. मी कॅलगरीत राहतो. आम्ही जिथे चालवायला जातो ते डोंगरातलं रेव्हलस्टोक इथून सुमारे ४०० किलोमीटर. हिवाळ्यातला जमेल तो प्रत्येक शनिवार-रविवार त्या रस्त्यावर किंवा मग गॅरेजमध्ये किटखाली आडवं पडून जातो.

ट्रॅक कधी बदलायचा? एखाद-दुसरा लग फाटला म्हणून नाही. पट्ट्यातले धागे उघडे पडले, आडव्या फायबरग्लासच्या कांड्या मोडून टोकं बाहेर आली, आतल्या बाजूच्या ड्राइव्ह लगची रांग झिजून गोल झाली, किंवा ताण देणारा बोल्ट शेवटापर्यंत फिरवूनही ट्रॅक सैलच राहतो, अशी वेळ आली की बदला. मोडलेल्या कांड्या तर अजिबात चालवून घेऊ नका. तिथे पट्टा दुमडतो, त्यावर बसवलेली धातूची क्लिप सुटते आणि सुटलेली क्लिप टनेलमध्ये, म्हणजे ट्रॅकवरच्या धातूच्या आवरणात, काय काय ओरबाडेल याचा नेम नाही.

विकत घेण्याआधी मोजायचं

ट्रॅकची चार मापं असतात: लांबी, रुंदी, लगची उंची आणि पिच. पहिली तीन सगळे बघतात. चूक होते ती चौथ्यात. पिच म्हणजे लगच्या एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर. पुढच्या ॲक्सलवरचा प्लॅस्टिकचा दातेरी ड्रायव्हर याच अंतरावर ट्रॅक पकडतो. स्नोमोबिलच्या (त्याच दोन स्कीवाल्या स्नो स्कूटरच्या) दुनियेत २.५२, २.८६ आणि ३ इंच ही पिच नेहमी भेटतात.

आता गंमत बघा. २.५२ इंचाच्या ५१ ओळी म्हणजे १२८.५ इंच. २.८६ इंचाच्या ४५ ओळी म्हणजे १२८.७ इंच. दोन्हींची लांबी बोलताना १२९ इंचच म्हटली जाते. पूर्ण लांबीत दोघांचा फरक जेमतेम पाच मिलिमीटर, पण दातागणिक साडेआठ मिलिमीटर. मला एका दुकानातून असाच चुकीच्या पिचचा ट्रॅक आला होता. रुंदी बरोबर, लांबी बरोबर, खोक्यावरचा आकडाही बरोबर. तो ड्रायव्हरवर चढवला तर दुसऱ्याच दातापाशी अडला.

म्हणून नवा ट्रॅक हातात आला की खोक्यावर विश्वास न ठेवता जमिनीवर सरळ पसरा आणि एका ओळीच्या मध्यापासून पुढच्या दहाव्या ओळीच्या मध्यापर्यंत टेप लावा. ६४० मिलिमीटर आले तर पिच २.५२, ७२६ आले तर २.८६, ७६२ आले तर ३ इंच. एकच पिच मोजली तर मिलिमीटर-दोन मिलिमीटरची चूक सहज होते, दहा मोजल्या की ती विरून जाते. मग ओळी मोजा. पहिल्या ओळीवर खडूने रेघ मारून सुरुवात करा, नाहीतर गोल पट्ट्यावर मोजताना आपण कुठून निघालो तेच विसरायला होतं.

ओळींची संख्या जुन्या ट्रॅकइतकीच हवी. एक ओळ जास्त असेल तर २.८६ पिचमध्ये मागचा ॲक्सल साधारण ३६ मिलिमीटर मागे न्यावा लागतो, कारण ॲक्सल जितका मागे जातो त्याच्या दुप्पट लांबी वर आणि खाली मिळून खर्ची पडते. तुमच्या ताणबोल्टला तेवढी जागा आहे का ते मोजल्याशिवाय असा ट्रॅक घेऊ नका.

ट्रॅकच्या आतली बाजूही जुन्याशेजारी ठेवून बघा. ड्राइव्ह लगच्या रांगा किती, त्यांच्यातलं अंतर किती, खिडक्या, म्हणजे पट्ट्यातली भोकं, कुठे उघड्या आहेत. काही ड्रायव्हर आतल्या रबरी लगला ढकलतात, काहींचे दात खिडक्यांत शिरतात आणि काही दोन्ही करतात. ड्रायव्हर जिथे दात मागतो तिथे बंद खिडकी असेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

लगची उंची जुन्याइतकीच मिळाली तर उत्तम, मग कापाकापीचा प्रश्नच नाही. पण जुन्या किटला नेमका जुळणारा ट्रॅक दरवेळी मिळत नाही. माझ्या किटवर २.५ इंची लग होता आणि मिळाला तो ३ इंची. हा लेख त्याच परिस्थितीतल्या माणसासाठी आहे.

उतरवण्याआधी आणि उतरवताना

नवा ट्रॅक खोक्यात घडी घालून येतो आणि थंडीत लाकडासारखा ताठ होतो. आदल्या रात्रीच घरात आणून उघडा करून ठेवा. इथे जानेवारीत गॅरेज उणे पंधरावर असतं. त्या थंडीत ताठ ट्रॅकशी झगडण्यापेक्षा तो हॉलमध्ये पसरलेला बघून घरच्यांचा रोष पत्करलेला बरा.

बाइक भक्कम स्टँडवर घ्या, ट्रॅक जमिनीपासून पूर्ण सुटा हवा. मग फोन काढून फोटो घ्या: चेन कोणत्या बाजूने जाते, वॉशर कोणत्या क्रमाने आहेत, ब्रेकची नळी कुठे बांधली आहे. सगळ्यात महत्त्वाचा फोटो जुन्या ट्रॅकच्या दिशेचा. ट्रॅकवर दिशेचा बाण असतो. तो वरच्या बाजूला कुठे तोंड करून आहे हे टिपून ठेवा. उलटा बसवलेला ट्रॅक फिरतो, पण त्याचा लग बर्फाला हवा तसा रेटत नाही आणि ही चूक सगळं जोडून झाल्यावरच लक्षात येते.

आता क्रम असा. मागच्या ॲक्सलचा नट सैल करा आणि दोन्ही ताणबोल्ट मागे घ्या. चेनकेसमध्ये तेल असेल तर ते काढा, झाकण उघडा, खालचं स्प्रॉकेट आणि चेन उतरवा. मग सस्पेंशनची चौकट टनेलला धरून ठेवणारे बोल्ट काढा.

इथे एक खुबी आहे. हे बोल्ट बहुधा एकाच आडव्या शाफ्टमध्ये दोन्ही टोकांनी घुसलेले असतात. डावा पूर्ण काढून बाजूला ठेवला आणि मग उजव्याला पाना लावला, तर बोल्ट सुटण्याऐवजी आतला शाफ्टच गोल फिरत राहतो. म्हणून एकही बोल्ट पूर्ण न काढता आधी दोन्ही बाजूंची पकड मोडा. पान्याला एक हिसका डावीकडे, एक उजवीकडे, दोन्हीकडून कट्ट असा आवाज आला की मग निवांत काढा. हे न कळल्यामुळे मी एकदा अर्धी दुपार पकडीने शाफ्ट धरण्यात घालवली आहे.

चौकट बाहेर आली की पुढच्या ॲक्सलचं बेअरिंग मोकळं करून ॲक्सल एका बाजूला सरकवा आणि तिरपा करून काढा. जुना ट्रॅक आपोआप खाली येतो. लगेच नवा चढवू नका. टनेल रिकामं असताना ते धुऊन, पुसून आतून नीट बघण्याची संधी वर्षातून एकदाच मिळते. कुठे चकचकीत ओरखडे आहेत? कोणता बोल्ट आत डोकावतोय? जुना ट्रॅक कुठे घासत होता ते टनेल स्वतःच सांगतं. बेअरिंग बोटाने फिरवा. खरखर लागली तर आत्ताच बदला. सस्पेंशनच्या चौकटीचे दोन लांब रेल ट्रॅकवर टेकतात, त्यांच्या तळाचे प्लॅस्टिकचे स्लायडरही बघा. झिजण्याची मर्यादा दाखवणारी रेघ त्यांवर असेल आणि ती गाठली गेली असेल, तर नव्या ट्रॅकखाली जुने स्लायडर ठेवण्यात काही अर्थ नाही.

कच्चा टाका

फक्त ट्रॅक आणि पुढचा ॲक्सल एवढंच बसवा. चेन नको, चौकट नको. ॲक्सल बेअरिंगमध्ये बसला की ट्रॅक खाली हाताने ताणून धरा आणि हळूहळू पूर्ण एक फेरी फिरवा. कुणी मदतीला असेल तर फार सोपं जातं: एकाने फिरवायचं, दुसऱ्याने टॉर्च घेऊन ड्रायव्हरच्या वरच्या आणि पुढच्या जागेत बघायचं. जिथे लग टेकतो तिथे टनेलवर खडू फासा. दुसऱ्या फेरीत खडू कोणत्या लगांना लागला ते बघा. सगळ्यांना लागला तर अडचण उंचीची आहे. फक्त कडेच्या लगांना लागला तर अडचण रुंदीची किंवा एखाद्या बोल्टची आहे.

मग आकडेमोड. माझ्याच किटचं उदाहरण घेतो. ड्रायव्हरला ७ दात, पिच २.८६ इंच म्हणजे ७२.६ मिलिमीटर. सात पिच मिळून परीघ ५०८ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या ८१. पट्ट्याच्या निम्म्या जाडीचे साडेतीन धरा. त्यावर ३ इंची लग, म्हणजे ७६. बेरीज १६०.५. ॲक्सलच्या मध्यापासून टनेलच्या आतल्या सगळ्यात जवळच्या गोष्टीपर्यंत, म्हणजे माझ्याकडे एका बोल्टच्या टोकापर्यंत, अंतर भरलं १६४. शिल्लक साडेतीन मिलिमीटर. हाताने फिरवताना हा ट्रॅक कुठेही टेकला नव्हता! पण वेगात ट्रॅक ताणून बाहेर फुगतो आणि टनेलला बर्फाचा थर धरतो. मी किमान १५ मिलिमीटर मोकळी जागा मागतो, २० मिळाली तर आनंदच.

म्हणजे निदान साडेअकरा मिलिमीटर कमी पडत होते. इथेच बहुतेक जण कटर उचलतात. थांबा. रबराला हात लावण्याआधी लोखंडाकडे बघा.

तो आत डोकावणारा बोल्ट उलटा घालता येतो का? डोकं आत, नट बाहेर. बसकं, गोल डोक्याचा बोल्ट मिळाला तर आणखी चांगलं. माझ्याकडे एवढ्यानेच सात मिलिमीटर मिळाले. ब्रेकची नळी किंवा तिची पट्टी टनेलच्या आत असेल तर तीही बाहेरून नेता येते का ते बघा. एक दात कमी असलेला ड्रायव्हर लावण्याचाही मार्ग असतो. २.८६ पिचमध्ये एक दात कमी म्हणजे त्रिज्येत साडेअकरा मिलिमीटरची बचत. पण त्याने गिअरिंग बदलतं आणि ट्रॅक रेलवर येण्याचा कोनही बदलतो, म्हणून किट बनवणाऱ्याने तसा पर्याय दिला असेल तरच त्या वाटेला जा.

बोल्ट उलटल्यावर माझी मोकळी जागा साडेदहा झाली. उरला प्रश्न साडेचार मिलिमीटरचा. तेवढंच कापायचं होतं. बोल्ट न उलटता कापला असता तर लग दुपटीहून जास्त खाल्ला गेला असता.

मागच्या हिवाळ्यात ओळखीतल्या एका नाशिकच्या मुलाचा फोन आला. एडमंटनला शिकतो, जुनं किट स्वस्तात घेतलं होतं. "दादा, ट्रॅक टनेलला घासतोय. ग्राइंडर हातात आहे, किती कापू?"

"आधी ग्राइंडर खाली ठेव आणि व्हिडिओ लाव."

टनेलच्या आत दोन रिव्हेटांची जागा कुणीतरी पूर्वी लांबलचक बोल्टांनी भरली होती. दहा-दहा मिलिमीटर आटे आत लोंबत होते. ते बोल्ट छोटे केल्यावर त्याला ट्रॅक कापावाच लागला नाही.

किती कापायचं

लग उंच असेल तर मऊ, खोल बर्फात पकड मिळते, पण तो फिरवायला इंजिनला जास्त जोर लागतो. ४५० सीसीच्या मोटोक्रॉस इंजिनाकडे साधारण पन्नास-पंचावन्न अश्वशक्ती असते. म्हणून थोडा छोटा लग म्हणजे तोटाच असं नाही. घट्ट बर्फावर आणि ट्रेलवर छोट्या लगची बाइक जास्त हलकी वाटते. पण खोल बर्फात चढावर ती लवकर जागेवरच फिरून खड्डा खणू लागते.

मी पहिल्यांदा ट्रॅक कापला तेव्हा कुठेही न घासणाऱ्या दोन इंचांवर आणून ठेवला होता, सुरक्षित म्हणून. त्या मोसमात रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर ताज्या बर्फात सोबतचे ज्या चढावरून गेले तिथे मी चार वेळा फसलो आणि चार वेळा फावड्याने बाइक उकरली. इंजिन तेच, माणूस तोच, फरक फक्त मी कमी केलेल्या बारा मिलिमीटरचा. म्हणून माझा आग्रह आहे: मोजमापातून निघेल तेवढंच कापा, वर एकही मिलिमीटर "असू दे" म्हणून नको.

एका आड एक ओळ कापण्याचा सल्लाही ऐकू येतो. जागेसाठी कापत असाल तर त्याचा उपयोग नाही, कारण टनेलला सगळ्यात उंच ओळ लागते आणि ती तशीच राहते.

कापताना

ट्रॅक परत उतरवा. हे जिवावर येतं, पण टनेलमध्ये अडकलेल्या ट्रॅकवर सरळ काप येत नाही. एका रुंद फळीवर किंवा टेबलाच्या कडेवरून ट्रॅक असा टाका की तीन-चार ओळी वर सपाट येतील आणि बाकीचा खाली लोंबेल.

खूण करण्यासाठी लाकडाचा ठोकळा घ्या, हव्या त्या उंचीचा. माझा ७१.५ मिलिमीटरचा होता. तो पट्ट्यावर लगला टेकवून उभा ठेवायचा आणि त्याच्या माथ्यावरून पांढऱ्या ऑइल मार्करने लगवर रेघ ओढायची. ठोकळ्याचा तळ गुण्याने तपासून घ्या, तो तिरका असेल तर सगळ्या रेघा तिरक्या येतील. लगाच्या दोन्ही बाजूंना रेघ मारा. एका बाजूच्या रेघेवर कापत गेलं की पलीकडे पातं कुठे निघेल सांगता येत नाही.

हत्यारांबद्दल माझं मत पक्कं आहे. अँगल ग्राइंडरने काम होतं, पण रबर जळतं, धूर घशात जातो आणि हात एकदा घसरला तर चाकी थेट पट्ट्यात उतरते. त्यापेक्षा टायरच्या खाचा कोरायचं विजेवर तापणारं पातं मिळालं तर ते भाड्याने आणा, लोण्यासारखं चालतं. दारं उघडी ठेवा, वास उग्र असतो. ते नसेल तर लांब पात्याचा धारदार सुरा आणि साबणाचं पाणी. कोरडं पातं रबरात रुततं, ओलं पातं सरकतं. दर दुसऱ्या कापाला पातं पाण्यात बुडवायचं. लग फार जाड असेल तर बारीक दातांची विजेची करवत वापरा, तिलाही साबणाचं पाणी द्या.

मी सुऱ्याने करतो. लगच्या मागे खुणेच्या उंचीवर लाकडी पट्टी शिकंजाने आवळतो आणि पातं त्या पट्टीवर टेकवून ओढतो. एका ओढीत पार होत नाही, तीन-चार ओढी लागतात. पहिली ओढ फक्त खाच पाडण्यासाठी. शेवटच्या ओढीत कापलेली काळी फीत बाजूला वळते आणि ताज्या रबराचा गडद, चमकदार छेद दिसतो. तो छेद बोटाने चाचपून बघा. गुळगुळीत लागला पाहिजे. मधे पायरी असेल, आडवी चीर असेल तर ती खरखरीत कागदाने घासून घालवा. रबर फाटतं ते अशाच एखाद्या बारीक चिरेपासून, प्रत्येक फेरीत थोडं थोडं. म्हणूनच टोकाचे कोपरेही अणकुचीदार ठेवू नका, किंचित गोल करा.

काही गोष्टींना हात लावायचा नाही. लगचं मूळ, म्हणजे तो पट्ट्याला जिथे जुळतो तो भाग. पट्टा स्वतः. आणि आडव्या फायबरग्लासच्या कांड्या. रुंदी कमी करण्यासाठी पट्ट्याची कडच छाटायची कल्पना कुणाच्या डोक्यात आली तर ती सोडून द्या. कांड्या त्या कडेजवळपर्यंत येतात. त्या कापल्या की ट्रॅकचा कणाच उघडा पडतो आणि त्यांचे तंतू हातात घुसतात ते वेगळंच. टनेलमध्ये पट्टाच रुंदीने बसत नसेल तर तो ट्रॅक तुमच्या किटचा नाही.

सगळे लग सारखे कापले गेले पाहिजेत. अर्धा ट्रॅक कापून झाल्यावर हात थकतो आणि रेघ वर-खाली होऊ लागते. तेव्हा चहा घ्या. दहा ओळींनंतर एकदा ठोकळा लावून उंची तपासत जा. जाड हातमोजे आणि चष्मा घाला, आणि पातं कायम स्वतःपासून दूर ओढा.

बाजूचे कोपरे

जागेचा प्रश्न नसतानाही काही जण बाहेरच्या लगांचे कोपरे तिरके छाटतात. यामागे कारण आहे. स्नो बाइक वळते ती कलून, मोटारसायकलसारखी. घट्ट बर्फावर उंच, चौकोनी कोपरे तिला कलू देत नाहीत, ती उभीच राहू बघते आणि हँडल अडखळतं. कोपरा तिरका छाटला की ती सहज कलते. त्याची किंमत मोजावी लागते खोल बर्फात: उतारावरून आडवं जाताना हेच कोपरे बाइकला धरून ठेवतात.

तुम्ही मुख्यतः ट्रेलवर चालवत असाल तर हे करून बघण्यासारखं आहे, पण पहिल्या खेपेला फक्त दहा मिलिमीटरचा तिरका काप घ्या, दोन्ही बाजूंना सारखाच. दोन राइड करा. आणखी हवं वाटलं तर पुढचे दहा नंतर घेता येतात. मी स्वतः कोपरे छाटत नाही, कारण माझं बहुतेक चालवणं झाडांमधल्या आडव्या उतारांवर असतं.

परत जोडणी

क्लिप आधी बघा. नवा ट्रॅक क्लिपांसह आला नसेल तर त्या बसवायचं हत्यार वेगळं मिळतं, पकडीने दाबलेल्या क्लिपा सुटतात. क्लिपांचे उभे कान स्लायडरला दोन्हीकडून धरतील अशा बेताने त्या बसल्या पाहिजेत.

ट्रॅक टनेलमध्ये घ्या, बाणाची दिशा फोटोशी ताडून बघा. ॲक्सल घाला, बेअरिंगला ग्रीस लावा, स्प्रॉकेट, चेन आणि झाकण बसवून चेनकेसमध्ये सांगितलेलं तेल भरा. मग सस्पेंशनची चौकट. स्प्रिंगमुळे ती फाकलेली असते आणि भोकं जुळत नाहीत. सामान बांधायच्या घट्ट आवळणाऱ्या पट्ट्याने तिला दाबून घ्या. आधी पुढचे बोल्ट हाताने दोन-तीन आटे लावून सोडा, मग मागचे, मग सगळे टॉर्क पान्याने. आटे धरून ठेवणारा निळा डिंक (थ्रेडलॉकर) प्रत्येक बोल्टला. ॲल्युमिनियमच्या शाफ्टमध्ये इम्पॅक्ट गनने बोल्ट घुसवू नका, आटे गेले तर तो शाफ्टच बदलावा लागतो.

चेन लावायच्या आधीच ट्रॅक पुन्हा एकदा हाताने फिरवून टनेलमध्ये डोकावलात तर फार बरं. कापल्यानंतरची मोकळी जागा मोजून खात्री करा.

ताण आणि रेषा

ट्रॅकचा ताण किती ठेवायचा त्याचा आकडा तुमच्या किटच्या पुस्तिकेत असतो आणि तोच पाळा. मोजायची रीत मात्र सारखीच आहे: ट्रॅक अधांतरी ठेवून खालच्या बाजूला ठरलेल्या जागी वजन लटकवायचं आणि स्लायडरच्या तळापासून क्लिपपर्यंतची फट मोजायची. पोलारिसच्या स्नोमोबिलसाठी ते वजन १० पौंड असतं, म्हणजे सुमारे साडेचार किलो. मी सामान तोलायचा हातकाटा अडकवून तेवढं खाली ओढतो.

फार ताणला तर स्लायडर तापतात, बेअरिंगवर भार येतो आणि इंजिनाची ताकद ट्रॅक फिरवण्यातच जाते. फार सैल ठेवला तर जोरात गॅस दिल्यावर किंवा ब्रेक मारल्यावर ड्रायव्हर ट्रॅकवरून घसरतो आणि टक-टक-टक असा जाड आवाज येतो. तो आवाज प्रत्येक वेळी ड्राइव्ह लगचा थोडा तुकडा खातो.

मग रेषा. मागे कुणीही उभं नाही याची खात्री करा, स्टँड हलत नाही ना ते बघा, आणि पहिल्या गिअरमध्ये अगदी हळू ट्रॅक फिरवा. गळ्यातला सैल मफलर, जाकिटाची दोरी, हात, काहीही जवळ नेऊ नका. इंजिन बंद करून, ट्रॅक आपोआप थांबू देऊन मगच वाका. मागच्या ॲक्सलपाशी दोन्ही रेलपासून ट्रॅकच्या कडेपर्यंतचं अंतर बघा. ट्रॅक डावीकडे सरकला असेल तर डावा ताणबोल्ट घट्ट करा. ट्रॅक नेहमी सैल बाजूला पळतो, हे लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा फिरवून बघा. दोन्हीकडे सारखं झालं की ॲक्सलचा नट पक्का करा आणि ताण पुन्हा एकदा मोजा, कारण रेषा जुळवताना तो बदललेला असतो.

पहिली राइड

पहिले पंधरा-वीस मिनिटं मऊ बर्फात, निम्म्या गॅसवर. पार्किंगपासून डोंगरापर्यंतचा घट्ट, बर्फ दाबलेला रस्ता नव्या ट्रॅकचा शत्रू आहे. स्लायडरला थंड ठेवतो तो उडून आत येणारा बर्फ. तो नसला तर प्लॅस्टिक वितळून क्लिपांना चिकटतं. रेलवर बर्फ खरवडणारे स्प्रिंगचे आकडे असतील तर ते अशा रस्त्यावर खाली सोडा.

थांबल्यावर टनेलमध्ये टॉर्च मारा. नवा चकचकीत ओरखडा दिसला तर तिथल्या लगला पुन्हा ठोकळा लावून बघा. कापलेल्या कडांवर बोट फिरवा, कुठे चीर सुरू झाली असेल तर तिथेच गोल करून टाका. नवा ट्रॅक सुरुवातीला थोडा लांबतो, म्हणून त्या दिवसाच्या शेवटी आणि पुढच्या दोन राइडनंतर ताण पुन्हा मोजा. आणि पहिली राइड आहे म्हणून हिमस्खलनाचा अंदाज बघायचं, ट्रान्ससीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव देणारं यंत्र), बर्फात खुपसून शोधायची काठी आणि फावडं घ्यायचं विसरू नका. नव्या ट्रॅकच्या नादात माणूस नेहमीपेक्षा वर चढतो.

शेवटी घरी आलात की टनेलच्या बाहेरच्या बाजूला, सीटखाली, पक्क्या मार्करने लिहून ठेवा: पिच किती, ओळी किती, ड्रायव्हरचे दात किती, लग किती मिलिमीटरवर कापला आणि तारीख. माझ्या टनेलवर लिहिलंय: २.८६, ४५, ७, ७१.५. पुढचा ट्रॅक मागवताना दुकानदाराने विचारलं की मी गॅरेजमध्ये जाऊन ती ओळ वाचून दाखवतो.